अख्खी टरफलं

“टरफलं मोडलीस का गं?”

ह्यांनी मागच्या दारातून विचारलं, तेव्हा मी ओट्यापाशी हात धूत होते. “नाही मोडली. ती बघा, आरास मांडून ठेवलीय तुमच्यासाठी,” मी म्हटलं. हे आत आले. अंड्यांच्या टरफलांच्या अर्ध्या-अर्ध्या जोड्या जुळवून पाहिल्या आणि समाधानाने मान हलवली. सकाळी खुराड्यातून किती अंडी निघाली आणि संध्याकाळपर्यंत घरात किती फुटली, याचा रोज मेळ घालायचा आणि मग ती टरफलं तशीच कोंबड्यांपुढे टाकायची, असा आमच्या घरचा कायदा होता. कोंबड्यांना कॅल्शियम मिळतं, असं हे सांगत. खरं तर ह्यांना पुरावा मिळायचा.

जन्मभर कारखान्याच्या फाटकावर झडती घेतलेला माणूस हा. सुटीचा भोंगा झाला की कामगार रांगेने ह्यांच्यापुढे येत, पिशव्या उघडत, हात वर करत. अशा माणसाला मित्र कुठून मिळणार? ज्याने काल आपले खिसे चाचपले, त्याच्याबरोबर आज चहाला कोण बसेल? नोकरीभर हे डबासुद्धा एकटेच खात. निवृत्त होऊन शहराबाहेरच्या या बैठ्या घरात आलो, तेव्हा कुठे ह्यांना पहिला मित्र भेटला. शेजारचे टेलरभाऊ. बायको गेल्यापासून एकटेच राहणारे.

ह्यांनी आपली नोकरी बिचकतच सांगितली, तर टेलरभाऊ हसत सुटले. “म्हणजे खिसे मी शिवले आणि तपासले तुम्ही! एकाच धंद्यातले की आपण!” त्या एका वाक्यावर ह्यांनी त्यांना जवळ केलं. मागच्या अंगणात दोघांनी मिळून खुराडं ठोकलं, जाळी बसवली, वेलाच्या शेंगा लावल्या. ह्यांचे गुडघे सकाळी लवकर वाकत नाहीत, म्हणून कुंपणातल्या फटीतून टेलरभाऊच यायचे, खुराडं उघडायचे, दाणापाणी करायचे आणि अंडी टोपलीत घालून आमच्या पायरीवर ठेवायचे. जाताना कोंबड्यांची शीट पिशवीत भरून न्यायचे, त्यांच्या टोमॅटोंना खत म्हणून. संध्याकाळी दोघे उलट्या बादल्यांवर बसून गप्पा मारत. ह्यांना इतकं बोलता येतं, हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी मला कळलं.

आणि मग अंडी कमी व्हायला लागली.

“कोंबड्या तेवढ्याच, दाणा तेवढाच. मग अंडी गेली कुठे?” हे म्हणाले.

“म्हाताऱ्या होतायत बिचाऱ्या. तुमच्या-माझ्यासारख्या.”

“सगळ्या एकदम?”

ह्यांनी जाळी बोटाबोटाने तपासली. कुठे भोक नाही, खाली बीळ नाही. गवतात टरफलाचा तुकडा नाही. “उंदीर-मुंगूस असतं तर टरफल मागे राहिलं असतं,” हे हळूच म्हणाले. “टरफलासकट नेतो तो माणूसच. आणि खुराड्यात हात कुणाचा जातो सकाळी? कुंपणच शेत खातंय.”

मी हसण्यावारी नेलं. पण संशय भिंतीतल्या ओलीसारखा असतो, या खोलीतून त्या खोलीत कधी जातो कळत नाही. दुसऱ्या दिवशी टेलरभाऊंच्या खिडकीतून अंडं तळल्याचा वास आला आणि मी भांडी तशीच टाकून नाक वर करून उभी राहिले. त्यांनी दुकानातून आणलेलं असेल की! माझा मलाच राग आला. तरी वास मात्र मी शेवटपर्यंत घेतला.

त्याच आठवड्यात टेलरभाऊ कुंपणापलीकडून म्हणाले, “वहिनी, टरफलं भाजून, चुरा करून घालत जा. अख्खी नका टाकू. कोंबड्यांना वाईट खोड लागते.”

मी ह्यांना निरोप दिला. ह्यांचे डोळे बारीक झाले. “चुरा केला की मोजायचं काय? बघ, मोजलेली टरफलं नकोच आहेत त्याला.”

कुठलीही गोष्ट त्या माणसाच्या विरुद्धच जायला लागली होती. संध्याकाळच्या बादल्या रिकाम्या राहू लागल्या. टेलरभाऊ येऊन बसले, तर ह्यांना नेमकं आत काम निघायचं.

एका सकाळी अंथरुणात हे नव्हते. मी मागच्या दारात आले, तर हे शेंगांच्या वेलाआड उभे. टेलरभाऊ आले, खुराड्यात वाकले, टोपली पायरीवर ठेवली. मला पाहून म्हणाले, “आज दोनच हो वहिनी.” मग पिशवी उचलून फटीकडे वळले, तेव्हा हे पुढे झाले.

“पिशवी उघडा.”

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो फाटकावरचा होता.

टेलरभाऊंना आधी थट्टा वाटली. हसले. मग त्यांनी ह्यांचा चेहरा पाहिला आणि गुपचूप पिशवी उघडली. ह्यांनी मनगटापर्यंत हात घातला. शीट आणि ओलं गवत, दुसरं काही नाही. हे हात झटकत होते, तोवर टेलरभाऊंनी आपणहून खिसे उलटे केले. खडूचा तुकडा, मापाची टेप, चष्म्याचं घर.

“हा राहिला,” म्हणत त्यांनी शर्टाचाही खिसा उलटा केला. “उद्यापासून खुराडं तुमचं तुम्हीच उघडा, भाऊ.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पुढे खुराडं मी उघडायला लागले. अंडी तरीही तेवढीच कमी निघत होती. एका दुपारी शेंगा तोडताना मला ती पांढरी कोंबडी दिसली, ह्यांची लाडकी, जिला हे ‘शहाणी’ म्हणायचे. तिने अंडं घातलं, उठली, मागे वळून पाहिलं आणि मारली की चोच! दुसरी धावत आली. बलक, टरफल, सगळं दोघींनी मिळून फस्त केलं. मग शहाणीने गवताला चोच पुसली. मागे एक डागही नाही.

मी हाका मारून ह्यांना बोलावलं. दुसरं अंडं ह्यांच्या डोळ्यांदेखत गेलं.

“टरफलासकट,” हे पुटपुटले आणि बादलीवर बसले.

“चव कुणी लावली?” मी काही दयामाया दाखवली नाही. “अख्खी टरफलं घालून अंडं ओळखायला तुम्हीच शिकवलंत त्यांना. तो बिचारा ओरडून सांगत होता.”

ह्यांनी मुकाट्याने दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि पुढच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. टेलरभाऊ सामान आणायला दुकानात गेले होते. हे ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. मी व्हरांड्यात थांबले. एकदाचं हे मिटू दे, एवढंच माझ्या मनात होतं, कारण या वयात ह्यांना दुसरा मित्र मिळायचा नव्हता.

टेलरभाऊ आले. ह्यांना पाहून थांबले, आणि हे काही बोलायच्या आत त्यांनी पिशवी कठड्यावर ठेवून तिचे दोन्ही बंद फाकवून धरले.

“नाही, नाही, त्यासाठी नाही!” हे घाईने म्हणाले. “कोंबड्याच खात होत्या, टेलरभाऊ. माझ्याच चुकीने. मी तुम्हाला नाही नाही ते... माफ करा मला.”

शब्द चांगले होते, मनापासूनचेही होते. पण बोलता बोलता ह्यांची मान वाकली होती आणि नजर पिशवीत उतरली होती. पाव, साबण, काळ्या दोऱ्याचं रीळ, असं एकेक करत ती तळाच्या कागदी पुडक्यावर जाऊन थांबली. ह्यांना ते कळलंसुद्धा नाही. मला कळलं, आणि टेलरभाऊंनाही.

त्यांनी पुडकं बाहेर काढलं, कठड्यावर ठेवून उलगडलं.

“अंडी आहेत. दुकानातली.”

टेलरभाऊंनी एकेक अंडं नीट कागदात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं. “येतो वहिनी,” ते माझ्याकडे बघून म्हणाले, अगदी रोजच्यासारखं. मग आपल्या घरात गेले आणि आतून कडी लावून घेतली.