डॉक्टरांचा पांढरा गालिचा

माझा नवरा लेस्ली जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरत आला. गेल्या हंगामात एका माजलेल्या मेंढ्याने त्याला शेडच्या फळ्यांवर असा आपटला, की कंबर कायमची गेली. भरपाईचे पैसे दर आठवड्याला यायचे, त्यावर घर चालायचं. मग विमा कंपनीला शंका आली आणि तिने त्याला डबो शहरात आपल्या डॉक्टरकडे तपासायला बोलावलं.

डॉक्टरांचं दार उघडलं तर आत पांढराशुभ्र गालिचा. आमच्याकडे बूट घालून कुणाच्या घरात शिरणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. मी रोजच्यासारखी पायरीवर बसले, लेस्लीचे बूट ओढून काढले आणि तो मोज्यांवर आत गेला. मी बाहेर, बूट राखत.

"कसं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मजेत!" लेस्ली म्हणाला. कातरणारा गडी मरायला टेकला तरी हेच सांगेल.

अहवाल आला: स्वतःचे बूट स्वतः काढून आला, वाकायला अडचण नाही, कामावर जाऊ शकतो. पैसे बंद. मोज्यांवरून एवढा शोध! बूट कुणी काढले, हे विचारायला जीभ लागते. ती बहुधा गालिचा मळेल म्हणून बाहेर ठेवली असावी.

भांडून फेरतपासणी मिळवली, तीही त्याच महाशयांकडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

"या वेळी बूट घालूनच आत जायचं," मी बजावलं.

"गालिचा खराब होईल गं, डॉट. तळाला लेंड्या चिकटल्यात."

"मीच चिकटवल्यात. चल."

उंबऱ्यावर तो अडलाच. मी पाठीमागून ढकललं.

"कसं काय?"

"म..." माझं कोपर त्याच्या बरगडीत बसलं. "म्हणजे, चाललंय."

"बूट काढा आणि इथे आडवे व्हा."

लेस्ली वाकला. हात गुडघ्यापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. चेहरा राखेसारखा झाला, कपाळावर घाम. माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसले. तसं बसणं किती अवघड, ते माझं मला ठाऊक.

"बाई, जरा मदत करा ना त्यांना."

"मी कशाला? ते स्वतःचे बूट स्वतः काढतात. तुम्हीच लिहिलंय."

शेवटी डॉक्टर गुडघ्यावर बसले. ओढलं, पुन्हा ओढलं. बूट एकदम सुटला आणि साहेब गालिच्यावर बसकण मारून, लेंड्यांसकट.

"आधी टाच सोडवायची, साहेब," लेस्ली कळवळून म्हणाला. "डॉट तसंच करते."

"कधी?"

"रोज. सकाळी चढवते, संध्याकाळी काढते."

डॉक्टरांनी हातातला बूट खाली ठेवला. मग उठले, पँट झटकली आणि पहिल्यांदाच त्याची कंबर हात लावून तपासली. पैसे पुढच्या आठवड्यात सुरू झाले. माफीबिफी कुणी मागितली नाही. तिचा विमा नसावा.

त्या दिवशी निघताना लेस्ली दबक्या आवाजात विचारतो, "झाडू कुठे असतो हो?"

"पाय पुढे कर," मी म्हटलं, आणि तिथेच, गालिच्याच्या मधोमध बसून त्याला बूट चढवले.