गावाच्या मालकीची हवा

तिला सगळं गाव ‘सातच्या बाई’ म्हणायचं. सकाळी सातला गावच्या रेडिओ केंद्रावरून पहिला आवाज तिचा यायचा. तो कानावर पडला की दुकानांची शटरं वर जायची आणि पोरांच्या अंगावरची पांघरुणं ओढली जायची. कुठल्या रस्त्याचं खोदकाम निघालंय, कुणाचं पाकीट बसमध्ये सापडलंय, दवाखान्यात आज कोणते डॉक्टर आहेत, हे ती शेजारणीने कुंपणावरून सांगावं तसं सांगायची. एखाद्या दिवशी तिचा घसा बसला तर दुपारपर्यंत घरी काढ्याच्या चार तऱ्हा पोचायच्या.

मग कंपनी आली. रेडिओच्या लहरी काही कुणाच्या बापाच्या नसतात. त्या लोकांच्या असतात, आणि प्रसारण आयोग त्या ठरावीक मुदतीसाठी वापरायला देतो. कंपनीलाही गावाची फ्रिक्वेन्सी अशीच मिळाली होती, आणि अट होती की कार्यक्रम गावासाठी, गावातूनच व्हावेत. पहिले काही महिने कंपनीने अट पाळली. नंतर एक दिवस केंद्रात एक यंत्र येऊन बसलं. राजधानीतला कुणी तरुण डझनभर गावांसाठी एकदमच बोलून ठेवायचा, यंत्र त्यात प्रत्येक गावाचं नाव घालायचं आणि वर गाणी लावायचं. माणसांची गरज उरली नाही.

सातच्या बाईंना ही बातमी दिली ती त्यांच्या सख्ख्या दिराने. तो केंद्राचा व्यवस्थापक होता. व्यवस्थापक म्हणजे जाहिराती गोळा करायच्या आणि किल्ली सांभाळायची.

“वहिनी, माझ्या हातात असतं तर...” तो म्हणाला.

“भावजी, तुमच्या हातात काय आहे ते मला दिसतंय,” ती म्हणाली आणि आपला डबा, शाल आणि पाण्याची बाटली घेऊन पायऱ्या उतरली.

दीर वरच्या मजल्यावर राहायचा आणि ती, नवरा नि सासूबाई खाली. जिना एकच. त्या दिवसापासून तो जिना उतरताना दिराच्या चपलांचा आवाजही दबून यायला लागला. तिचा नवरा दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचा. बायको आणि भाऊ यांच्यामध्ये सापडल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, “माझा आयुष्यभराचा धंदाच दाखवायच्या दातांचा आहे. कंपनीचे मी लांबूनच ओळखले होते.”

तिला बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत काम मिळालं. माइक होताच. “नदीपलीकडे जाणारी गाडी फलाटाला लागत आहे,” हेसुद्धा ती अशा आपुलकीने सांगायची की ज्यांना कुठेच जायचं नाही तेही मान वर करून ऐकायचे. पण हा आवाज स्थानकाच्या कुंपणापलीकडे जात नव्हता, आणि ते तिला रोज टोचायचं.

एका सकाळी पाणीपुरवठ्याचा इंजिनियर धापा टाकत तिच्या खिडकीशी आला. शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

“बाई, टाकीत क्लोरीन भलतंच जास्त पडलंय. झडप अडकली होती. पाणी गावात सुटलंय. कुणी तोंडाला लावता कामा नये.”

“रेडिओवर सांगा ना.”

“अहो, तिथूनच येतोय. फोन केला, कुणी उचलत नाही. धावत गेलो तर दाराला कुलूप, आणि आतून गाणी चालू. दार बडवून बडवून हात सुजले. तुमचे दीर?”

दीर आदल्या दिवशीच कंपनीच्या बैठकीला परगावी गेला होता आणि किल्लीही त्याच्याबरोबर गेली होती. पोलिसांची भोंग्याची एकुलती एक गाडी मुख्य रस्त्यावर फिरत होती, पण गाव काही एका रस्त्याएवढं नव्हतं.

तिने वर कुणाला विचारलं नाही. माइक जवळ ओढला. “गाड्या थांबवा. सगळ्या चालकांनी आणि वाहकांनी चौकशी खिडकीशी यावं,” तिने सांगितलं, आणि मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून, पाण्याचं सांगितलं. ते पुन्हा सांगितलं आणि मग वाहकांकडे वळून म्हणाली, “प्रत्येक थांब्यावर उतरायचं. नुसतं ओरडून पुढे जायचं नाही. दोन माणसांना सांगायचं आणि त्यांना म्हणायचं, तुम्ही दहा जणांना सांगा.”

एक वयस्क वाहक म्हणाला, “साहेब उशिराबद्दल विचारतील.”

“साहेबांना सांगा, सातच्या बाईंनी सांगितलंय.”

गाड्या सुटल्या. तिने माइक खिडकीतल्या सोबतिणीच्या हाती दिला आणि स्वतः खालच्या वस्तीकडे पळाली, कारण तिथे बस जातच नव्हती. दारोदार फिरली. हंडे पालथे केले, एका पोराच्या हातातला पेला काढून घेतला. इस्त्रीवालीच्या घरी पोचली तेव्हा तिची मुलगी कोपऱ्यात ओकत होती. इस्त्रीवालीच्या टपरीत रेडिओ मोठ्याने चालू होता. “तब्येत सांभाळा मंडळी, भरपूर पाणी प्या,” असं तो राजधानीतला तरुण हसत हसत सांगत होता. इस्त्रीवालीने सातच्या बाईंकडे पाहिलं, मग रेडिओकडे, आणि त्याचा कान पिळून तो बंद केला. मुलीला दोघींनी मिळून दवाखान्यात नेलं.

तिथे पोचल्यावर तिला कळलं की शेजारच्या खाटेवर सासूबाई आहेत. म्हातारीने सकाळची गोळी नळाच्या पाण्याबरोबर घेतली होती.

सातच्या बाई खाटेच्या कडेला टेकल्या. सगळ्या गावाला सांगत सुटले आणि घरात सांगायचं राहिलं, हे तिला सहन होईना. पण सासूबाईंनी तिचा हात धरला. घसा भाजल्यामुळे आवाज घोगरा झाला होता, पण धार तीच होती.

“रडू नकोस. तू कुठे कुठे पुरणार? त्यासाठी तर उशाशी ते डबडं ठेवलं होतं. सकाळपासून चालू होतं मेलं. मला वाटलं, काही असतं तर सांगितलं असतं.”

सुदैवाने कुणी दगावलं नाही. वाहकांनी काम चोख केलं होतं. तरी दवाखान्याच्या व्हरांड्यातही गाद्या टाकाव्या लागल्या. दीर दुसऱ्या दिवशी परतला, आईच्या खाटेशी उभा राहिला आणि चादरीच्या सुरकुत्या नीट करत राहिला.

“तुझ्या यंत्राला माझा निरोप सांग,” आई म्हणाली. “म्हणावं, गाणी छान होती.”

कंपनीने पत्रक काढलं की, त्या दिवशीही श्रोत्यांची सेवा अखंड चालू होती. खोटं म्हणता येत नव्हतं. सेवा खरोखरच अखंड चालू होती.

कंपनीच्या परवान्याची मुदत त्याच वर्षी संपत होती. नूतनीकरणाआधी आयोग जनसुनावणी घेतो आणि दुसऱ्या कुणालाही अर्ज करता येतो, हे इंजिनियरने शोधून काढलं. तो त्या दिवसापासून नीट झोपला नव्हता. झडपेची चूक त्याने सगळ्यांसमोर कबूल केली होती, पण ते बंद दार त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. सातच्या बाईंच्या बैठकीच्या खोलीत श्रोत्यांची संस्था उभी राहिली आणि तिने फ्रिक्वेन्सीसाठी अर्ज केला. वाहक आले, इस्त्रीवाली आली, शाळेतल्या शिक्षिका आल्या. खुर्च्या संपल्या तेव्हा नवऱ्याने कवळ्यांचे साचे हलवून आपलं कामाचं बाकही दिलं.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी दीर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेला तिला दिसला.

“वहिनी, उद्या मला साक्ष द्यायचीय. केंद्रात माणूस कायम असतो असं सांगायला सांगितलंय.”

“मग?”

“मुलीचं शिक्षण चालू आहे. या वयात दुसरी नोकरी कोण देणार?”

तिला पुष्कळ बोलायचं होतं. “जेवलात का?” तिने विचारलं. तो नाही म्हणाला. कितीतरी महिन्यांनी तो खाली त्यांच्या पंगतीला बसला. सुनावणीचा विषय कुणी काढला नाही, सासूबाईंनीसुद्धा नाही.

सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागत होता. आयोगाच्या अध्यक्षबाईंची गाडी रस्ता चुकून उशिरा आली. नगरपालिकेचं सभागृह तोवर गच्च भरलं होतं. खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं बसली होती.

कंपनीचे वकील गोड बोलणारे होते. “लोकांना काय हवं हे लोकच ठरवतात,” ते म्हणाले. “आमचं केंद्र घराघरात लागतं. आणि ते इथलंच आहे. आमचा निवेदक तुमच्या गावातला एक होऊन गेला आहे.”

अध्यक्षबाई सुकलेल्या चेहऱ्याच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी शिपायाला सांगितलं, “रेडिओ आणा. ऐकू या.”

टेबलावर रेडिओ ठेवला गेला. एक गाणं संपलं आणि तो ओळखीचा तरुण आवाज आला, “काय मंडळी, आज आपल्या गावात कसलं लख्ख ऊन पडलंय! मी खिडकीतून बघतोय, डोळे दिपले हो.”

सभागृहातल्या सगळ्या माना खिडक्यांकडे वळल्या. बाहेर कापूस पिंजून भरल्यासारखं धुकं होतं. आधी मागच्या रांगेतून कुणीतरी खुसखुसलं, मग हास्याची अशी लाट उठली की वकिलांनाही रुमाल तोंडाशी धरावा लागला. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत.

“आता फोन लावा केंद्रात,” त्या म्हणाल्या.

फोन लावला. रिसीव्हर माइकसमोर धरला. घंटी वाजत राहिली. हसू हळूहळू विरलं. घंटी वाजतच राहिली, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला ती पाण्याची सकाळ आठवली. इस्त्रीवालीने मुलीला जवळ ओढलं.

वकील घाईने म्हणाले, “कर्मचारी जरा बाहेर गेला असेल. आमचे व्यवस्थापक इथे आहेत, ते खुलासा करतील.”

दीर उठला. त्याने वहिनीकडे पाहिलं नाही. पहिल्या रांगेत काठी धरून बसलेल्या आईकडेही पाहिलं नाही. सरळ अध्यक्षबाईंकडे पाहिलं.

“केंद्रात कुणी नाही,” तो म्हणाला. “आज नाही, काल नव्हतं, यंत्र आल्यापासून नसतं. त्या दिवशी इंजिनियर दार ठोकत होते तेव्हाही नव्हतं. माझी आई ते पाणी प्यायली, रेडिओ ऐकत ऐकत.” मग म्हणाला, “मला कायम माणूस असतो असं सांगायला सांगितलं होतं. ते माझ्याच्याने होणार नाही.”

वकिलांनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

अध्यक्षबाईंनी संस्थेच्या वतीने कुणी बोलणार का विचारलं. सातच्या बाई उभ्या राहिल्या. समोरचा माइक जवळ ओढला.

“गाणी आम्हालाही आवडतात. कंपनीने गाणी लावली म्हणून आमची तक्रार नाही. या गावावरची हवा गावाची आहे. ती आम्ही कुणाला विकलेली नव्हती, वापरायला दिली होती. वापरणाऱ्याने तिला आतून कडी लावली. आम्हाला फक्त दार उघडं हवंय. हाक मारली तर आतून ‘ओ’ म्हणणारं कुणीतरी हवंय.”

ती बसली. टाळ्या आधी खिडक्यांच्या कट्ट्यांवरून सुरू झाल्या.

निकाल काही आठवड्यांनी आला. नूतनीकरण नाकारलं होतं. फ्रिक्वेन्सी श्रोत्यांच्या संस्थेला दिली होती. बातमी इंजिनियरने बसस्थानकावर आणली. या वेळी बटणं बरोबर लागली होती. सातच्या बाईंनी ती माइकवरून सांगितली, आणि फलाटावरच्या सगळ्या चालकांनी एकदम भोंगे वाजवले. गाड्या थांबल्या, लोक उतरले, अनोळखी माणसं एकमेकांचे हात हातात घेऊन हलवू लागली. गाडी चुकलेल्या एका गृहस्थाने विचारलं, “झालं काय?” तर तो वयस्क वाहक म्हणाला, “गाव परत मिळालं.”

दिराची नोकरी गेलीच होती. संस्थेला जाहिराती आणायला माणूस हवा होता आणि गावातला प्रत्येक दुकानदार त्याला ओळखत होता. पगार कमी, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही. जिन्यावर त्याच्या चपला पुन्हा मोकळेपणाने वाजू लागल्या, इतक्या की सासूबाई कुरकुरल्या.

केंद्र सुरू झालं त्या दिवसाच्या संध्याकाळी सातच्या बाई काम आटोपून घरी निघाल्या. त्या वेळी ‘विचारा की’ हा नवा कार्यक्रम चालू होता. नगराध्यक्षांना केंद्रात बोलावलं होतं आणि प्रश्न विचारायला समोर बसली होती इस्त्रीवाली.

बाई बाजारातून चालल्या होत्या. शिंप्याच्या दुकानातल्या रेडिओवरून इस्त्रीवालीचा आवाज आला, “खालच्या वस्तीत बस का येत नाही?” न्हाव्याच्या दुकानापर्यंत येईतो नगराध्यक्ष रस्त्याची रुंदी सांगत होते. फळवाल्याच्या गाड्यापाशी इस्त्रीवालीने त्यांना मध्येच अडवलं, “रुंदी आम्ही मोजलीय साहेब, तुम्ही तारीख सांगा.” फळवाल्याने तराजू हातातच धरून ठेवला. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. कोपऱ्यावर चार माणसं आपापली वाट सोडून उभी राहिली होती.

नगराध्यक्षांनी खाकरून घेतलं. मग सबंध गावाच्या कानावर त्यांनी तारीख सांगितली.

बाजारभर जल्लोष उठला. सातच्या बाईंनी चालण्याचा वेग आणखी कमी केला. घरी पोचायची त्यांना मुळीच घाई नव्हती.