यंदाचं माप

सासूबाईंनी काखेतली शिवण दाताने तोडली, बाही वेगळी केली, धाग्याचं टोक शोधलं आणि ओढलं. टाक्यामागून टाका सुटत गेला.

सून तेव्हा कणसांची पाटी डोक्यावरून उतरवत होती. पाटी अर्धी ओसरीवर, अर्धी पायरीवर टेकली आणि चार-दोन कणसं अंगणात घरंगळली. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. खोलीतल्या ट्रंकेचं झाकण उघडं होतं. तिच्या तळाशी, सगळ्या पांघरुणांच्या खाली, जुन्या पातळात गुंडाळून तिने जे ठेवलं होतं, ते आता सासूबाईंच्या मांडीवर होतं. स्वेटरची एक बाही आधीच नाहीशी झाली होती. तिच्या जागी शेजारी तपकिरी लोकरीचा कुरळा ढीग पडला होता.

"आई, हे काय करताय?"

"काय करतेय म्हणजे? कणसं घरात आली. थंडी काय सांगून येते?"

"तो राहू द्या."

"कशाला? कसर लागायला?"

तिने पुढे होऊन स्वेटरचं उरलेलं अंग दोन्ही हातांनी धरलं. सासूबाईंनी मान वर केली नाही.

"सोड. ताणलं जाईल."

आवाज चढलेला नव्हता, नरमही नव्हता. दूध उतू जातंय हे सांगावं तसा होता. तिच्या बोटांनी ऐकलं, आणि मग बराच वेळ ती स्वतःच्याच बोटांवर चिडून कणसं गोळा करत राहिली.

या घरात कॅलेंडर भिंतीवर असायचं ते नुसतं शोभेला. कणसं घरात आली की स्वेटर उसवायचा, पेरणी आटपली की सुया हातात घ्यायच्या आणि थंडी अंगात शिरायच्या आत नवा स्वेटर पोराच्या अंगावर चढवायचा. नवा कसला, लोकर तीच. दर वर्षी पोर जेवढं वाढलं तेवढा एक पट्टा नव्या रंगाचा. पोर तीन वर्षांचं झालं त्या पहिल्या वर्षी सगळा तपकिरी होता. मग हिरवा पट्टा आला, मग पिवळा, मग कुणाच्या तरी टोपीतून उरलेला जांभळा. सुरुवातीला सुनेला हे सगळं चिंगूसपणाचं वाटलं होतं. कॉलेजात शिकलेली, पगार पाहिलेल्या घरातली मुलगी. बाजारात तयार स्वेटर मिळतात, असं तिने एकदा म्हटलंही होतं. "मिळतात की," सासूबाई म्हणाल्या होत्या, "पण ते वाढत नाहीत."

माप घ्यायचा दिवस म्हणजे घरात तमाशा. आजीला गुळाला मुंगळा चिकटावा तसा चिकटलेला सुनेचा थोरला पोरगा, म्हणून त्याचं नावच मुंगळा पडलेलं. तो हात पसरून उभा राहायचा आणि आजीची वीत काखेपासून मनगटाकडे सरकायला लागली की गुदगुल्यांनी वाकडा व्हायचा.

"नीट उभा राहा रे. नाहीतर एक बाही तुला होईल आणि एक बैलाला."

"बैलाला दोन लागतील, आजी."

"चार लागतील. आगाऊ कुठला."

यंदा पावसाळ्यात त्याला ताप आला तेव्हा दवाखान्याच्या वाटेवरच्या ओढ्याला पाणी होतं. ओढा उतरला तोवर उशीर झाला होता.

त्यानंतर त्याच्या चपला, शाळेची पाटी, कपडे घरातून कधी आणि कुणी हलवले ते तिला कळलं नाही. हा स्वेटर मात्र तिने त्याआधीच ट्रंकेत लपवला होता. तिला तो कुणाला घालायचा नव्हता, कुणाला दाखवायचा नव्हता. त्याच्या बाह्यांना कोपराशी पोक आलं होतं. बाही रिकामी असली तरी आत हात वाकवून कुणीतरी बसल्यासारखं दिसायचं. तेवढं तिला पुरे होतं.

दुपारी ती नवऱ्याची भाकरी घेऊन शेतात गेली. तो वाफ्यांना पाणी देत होता.

"आईंनी स्वेटर उसवला."

त्याने फावड्याने माती ओढली. "दर वर्षी उसवते."

"हे वर्ष दर वर्षासारखं आहे?"

त्याने फावड्याने एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाला, "भिंगरीला होईल. लोकर चांगली आहे."

भिंगरी म्हणजे त्यांची धाकटी, चार वर्षांची. एका जागी कधी ठरायची नाही.

"तिला आहे स्वेटर. तुझ्या बहिणीकडून आलेला."

"मग राहू दे ना. आईशी कोण वाद घालणार?"

बोलता बोलता वाफा भरला, पाणी बांधावरून वाटेवर आलं आणि त्याच्या पायांत साचलं. फावडं हातात धरून तो त्या पाण्याकडे बघत उभा राहिला. तिनेच वाकून हाताने मातीचं ढेकूळ लावलं.

उसवलेली लोकर सासूबाईंनी कोमट पाण्यात बुडवली, पिळली नाही, तशीच दोरीवर टाकली आणि लडीच्या खालच्या टोकाला एक धोंडा बांधला. कुरळेपणा जायला तसंच करावं लागतं. दोन दिवस ती लडी अंगणात लोंबत होती. येता-जाता सून तिच्याकडे बघायचं टाळत होती. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना हात लागला, तर लोकर सरळ झाली होती. साबणाचा आणि उन्हाचा वास येत होता. त्यात आता कुठलाच कोपर नव्हता.

सासू-सुनेचं बोलणं मग मोजकंच उरलं. पाणी तापलं का, दार लावलं का, गाय व्याली तर उठव. भिंगरी दोन्ही हात पुढे करून आजीसमोर बसायची. तिच्या हातांवर लडी अडकवून आजी गुंडा करायची.

"आजी, हा माझा?"

"हात सरळ धर."

"माझाच ना?"

"तोंड चालवतेस आणि हात खाली येतायत. उलटं कर."

शेजारची काकू कुंपणावरून बघायची. "म्हातारीच्या सुया आणि जीभ, दोन्हींना विसावा नाही बघ," ती म्हणायची. एकदा तिच्यासोबत तिचा मुलगाही होता, मुंगळ्याच्याच वयाचा. सून ताबडतोब घरात गेली आणि आधीच घासलेलं भांडं पुन्हा घासायला बसली.

रात्री भिंगरी झोपली की ती तिच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावून बघायची, मग मानेला, मग पोटाला. पोर थंडगार असायची. तरी तिचा हात तिथेच राहायचा. हिच्या अंगावर त्या पट्ट्यांचा स्वेटर आपल्याला बघवेल का, हा एकच विचार तिच्या डोक्यात घोळत राहायचा. बघवणार नाही, असं ती ठरवायची. सांगून टाकायचं, तोंडावर. सकाळी सांगायचं राहून जायचं.

पेरणी आटपली. उन्हं पिवळी झाली. दुपारी भिंतीच्या कडेला बसलं की पाठ शेकायची आणि पायांना गारवा लागायचा. एका दुपारी सून तिथे कणसं सोलत बसली होती. पलीकडे सासूबाई विणत होत्या. मागचा-पुढचा भाग झाला होता. खाली तपकिरी, मग हिरवा, पिवळा, जांभळा आणि वर या वर्षीचा निळा. हा निळा कुठून आला ते तिला आज कळलं. सासूबाईंच्या खांद्यावरच्या शालीला किनार उरली नव्हती.

ती त्या स्वेटरच्या रुंदीकडे बघत राहिली. मनातल्या मनात भिंगरीला तिने त्यात घातलं. भिंगरी दोनदा मावली असती. म्हातारीची नजर गेली की काय? की वाढत्या अंगाचा म्हणून? इतका?

"आई."

"हं."

"हा एवढा मोठा कशाला? भिंगरी हरवून जाईल त्यात."

"तिला दुसरा करतेय. तिची लोकर आणली आहे मी, लाल."

"मग हा?"

सुया थांबल्या. सासूबाईंनी विणत असलेली बाही गुडघ्यावर पसरली, तिच्यावर वीत ठेवली, पुढे चार बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"बाही कुठवर धरू तेच कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "गेल्या मापावर चार बोटं धरली. पण पोरं काय चार बोटांवर थांबतात? दोनदा उसवली. अंदाज येत नाही. माप द्यायला कुणी नसलं की..." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तू सांग. तुला माहीत असेल."

सुनेच्या हातात अर्धं सोललेलं कणीस होतं. पुढचा दाणा निघेना.

तिला माहीत होतं. सकाळीच काकूचा मुलगा फाटकाची कडी काढून आत आला होता. टाचा न उंचावता. गेल्या वर्षी तो आणि मुंगळा, दोघंही त्या कडीला उड्या मारायचे. तिने लगेच तोंड फिरवलं होतं, पण तेवढ्यात जे दिसायचं ते दिसलं होतं.

तिने कणीस पाटीत ठेवलं. हात पदराला पुसले. उभी राहिली आणि स्वतःच्या कमरेच्या वर, हवेत, तळवा आडवा धरला.

"एवढा."

सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"एवढाच? याचा बाप सातव्या वर्षी माझ्या छातीला लागायचा. बापावर गेला होता तो."

तिने हात दोन बोटं वर नेला.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "आता बाही येईल नीट." आणि खाली मान घालून टाके मोजायला लागल्या.

भिंगरी कोंबड्यांच्या मागून पळत आली. आईचा हात असा हवेत बघून तिला वाटलं, हा काहीतरी खेळ असणार. ती धावत येऊन बरोबर त्याच्याखाली उभी राहिली. वर बघितलं. हात फार उंच होता. तिने टाचा उंचावल्या, मान ताणली, ओठ मुडपले.

"पोचले का?"

आजी टाके मोजत होती. तिचे पाय थरथरायला लागले होते, तरी ती तशीच ताणून उभी होती.

"आई, पोचले का मी?"

आईने हात खाली घेतला नाही.