डक्टमधला जांभळा धूर

"तुमच्या लेकीची धुरी रोज माझ्या चहात उतरते," असं आगाशेकाका म्हणाले होते, तेव्हा नीरजाला हसूच आलं होतं.

पूर्वा तेव्हा जेमतेम महिन्याची होती. यवतमाळहून आलेली नीरजाची आई रोज सकाळी नातीला तेल चोळून न्हाऊ घालायची आणि मग पाइपांच्या बंदिस्त डक्टवर उघडणाऱ्या ड्राय बाल्कनीत घमेल्यात निखारे ठेवून, त्यावर ओवा-वावडिंग टाकून बाळाला धुरी द्यायची. एके दिवशी खालच्या मजल्यावरचे रंगनाथ आगाशे जिना चढून वर आले. दारात उभे राहून त्यांनी आधी श्वास जमवला.

"धूर वर जातो, असं शाळेत शिकवतात," ते म्हणाले. "पण आपल्या डक्टच्या डोक्यावर सोसायटीने पत्रा बसवलाय, कबुतरं नकोत म्हणून. त्यामुळे या इमारतीत धूर खाली येतो. माझ्याकडे. आणि माझी फुप्फुसं हल्ली पाहुणे घेत नाहीत. पुढे काही मोठं पेटवाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा."

"हो काका, बघते," म्हणून नीरजाने दार लावलं.

"बाप्पा! चिमूटभर ओवा तो," आई आतून म्हणाली. "मरते का कोणी त्यानं?"

आई गावी परतली, धुरी बंद झाली आणि ते बोलणंही मागे पडलं. सोसायटीत असा एक काका असतोच, असं नीरजाने स्वतःला सांगितलं होतं. पायमोजे वाळत घातले तरी पाण्याच्या थेंबांवर बोलणारा.

खरं तर नीरजा काही बेफिकीर बाई नव्हे. उलट घरात तिला सगळे हसत. मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, त्यात पहिलटकरीण. पूर्वा रांगायला लागल्यापासून प्लगच्या प्रत्येक भोकाला टोपण, टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज. नवऱ्याने, अवधूतने, एकदा वैतागून म्हटलं होतं, "मलापण कुठेतरी स्पंज लावून टाक."

म्हणूनच संक्रांतीनंतर पूर्वाच्या बोरन्हाणाची गोष्ट निघाली आणि नणंदेने रंगीत धुराची कल्पना काढली, तेव्हा नीरजाचं पहिलं उत्तर ठाम होतं.

"धूर? बाळाजवळ? वेड लागलंय का तनू?"

तनया लोणी काळभोरच्या कॉलेजात डिझाइन शिकत होती आणि सुट्टीला दादा-वहिनीकडे यायची. "अगं वहिनी, ऐक तर! बाळ धुरात बसवायचंच नाहीये. पूर्वाचा फोटो बेडरूममध्ये काढायचा, काळ्या चादरीवर. धुराचा फोटो वेगळा. मग फोनवरच दोन्ही एकत्र करायचे. काळा फ्रॉक, पांढरे हलव्याचे दागिने आणि मागे जांभळे ढग. आमंत्रणावर हा फोटो टाकला ना, तर तुझ्या त्या मैत्रिणींची तोंडं बघण्यासारखी होतील."

नीरजाला तो फोटो डोळ्यांपुढे दिसला. इथेच ती पाघळली.

मात्र तिने बंदोबस्त केला तो एखाद्या ऑपरेशन थिएटरसारखा. धुराच्या नळकांड्या पेटवायच्या त्या ड्राय बाल्कनीतच. बाल्कनीचं दार बंद. स्वयंपाकघराचं दार बंद. बेडरूमच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल. वेळ दुपारची, कारण तेव्हाच डक्टवरच्या पारदर्शक पत्र्यातून उन्हाची तिरीप आत उतरायची आणि तनयाला धुरामागून येणारा उजेड हवा होता.

"शिवाय दुपारी कोणी ओरडायला येणार नाही," तनया म्हणाली. "सगळं पुणं झोपलेलं असतं."

पूर्वाचे फोटो आधी उरकले. तिने हलव्याचा मुकुट दोनदा चाखला, बासरी फेकून दिली आणि शेवटी दागिन्यांसकटच आईच्या मांडीवर झोपली. नीरजा तिला घेऊन बेडरूममध्ये बसून राहिली. टॉवेल नीट आहे ना, हे बघत. नाकाने सारखा वास घेत. काहीच वास येत नव्हता. तिचा बंदोबस्त चोख होता.

भिंतीपलीकडून तनयाचा आवाज आला. "वहिनी! कसला भारी आलाय! धूर जागचा हलतच नाहीये!"

थोड्या वेळाने पुन्हा, "अजून एक लावते गं! दोन राहिल्यात, त्यापण लावून टाकते!"

मग बऱ्याच वेळाने ती बेडरूमच्या खिडकीकडून, म्हणजे पुढच्या गॅलरीतून फिरून आली आणि काचेवर टकटक करून तिने फोन आत दिला. डोळे लाल, नाकाच्या टोकाला जांभळा डाग, आणि चेहऱ्यावर पहिलं बक्षीस मिळाल्यासारखा आनंद.

फोटो सुंदर होते, यात वाद नाही. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात जांभळा धूर मखमलीसारखा उलगडत होता. तनयाने एकापाठोपाठ एक झरझर काढले होते, त्यामुळे बोटाने सरकवत नेलं की धूर जिवंत झाल्यासारखा वाटायचा. बाल्कनीच्या कठड्यावर चढला, क्षणभर थांबला आणि मग धबधब्यासारखा पलीकडे ओतला गेला.

खाली.

नीरजाचं बोट थांबलं. तिने फोटो मोठा केला. कठड्याच्या खाली, चौकटीच्या कडेला, खालच्या मजल्यावरची एक खिडकी अर्धवट दिसत होती. आडव्या काचांची, बाथरूमची. काचा उघड्या होत्या. तिने पुढचा फोटो पाहिला, त्याच्या पुढचा. धूर त्या खिडकीवरून जात नव्हता. तो तिच्यात शिरत होता. कोणीतरी स्ट्रॉने ओढून घ्यावा, तसा.

"तनू, किती लावल्यास?"

"सगळ्या. का गं?"

नीरजाने झोपलेली पूर्वा तिच्या हातात दिली. "इथून हलू नकोस. हिला घेऊन पुढच्या गॅलरीतच थांब." आणि तनयाचा फोन हातातच घेऊन ती अनवाणीच जिन्याकडे धावली.

जिना उतरताना तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. आगाशेकाकू कालच लेकीकडे ठाण्याला गेल्या होत्या, जाताना पूर्वासाठी तिळाच्या वड्या देऊन. म्हणजे काका एकटे. जेवून झोपलेले. दम्याचा माणूस, गाढ झोपेत, आणि बाथरूममधून घरभर पसरणारा तो रंग.

दारावरची पाटी तिला पाठ होती. 'दुपारी बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही.' इथे राहायला आल्यापासून या दोन वर्षांत तिने ती बेल एकदाही वाजवली नव्हती. पोस्टमनही वाजवत नसे. आता तिने बटणावर बोट दाबलं आणि दाबूनच धरलं.

आत काहीच वाजलं नाही.

पुन्हा दाबलं. शांतता. तेव्हा तिला कळलं, की काका नुसती पाटी लावून थांबणारे नव्हते. ते झोपताना बेलचा स्विचच बंद करत असणार.

तिने दार बडवायला सुरुवात केली. "काका! आगाशेकाका!"

समोरचं दार उघडलं. कानाला हेडफोन लटकलेली प्रियदर्शनी बाहेर आली. हिंजवडीतल्या कंपनीचं काम घरून करणारी. "अगं, हळू! मी कॉलवर आहे. आणि काकांना आत्ता उठवतेस? चार वाजेपर्यंत त्यांच्याकडे आग लागली तरी..."

"तेच झालंय जवळजवळ," नीरजा म्हणाली. "घरात धूर गेलाय. आमच्याकडचा."

प्रियदर्शनीने कानातलं काढलं. दाराच्या खालच्या फटीतून एक जांभळट रेष जमिनीलगत बाहेर येत होती. दोघींनी ती एकदमच पाहिली.

"काकूंनी दिलेली किल्ली आहे माझ्याकडे," प्रियदर्शनी आत पळाली आणि घेऊन आली. लॅच फिरलं. दार हललं नाही.

"आतून कडी आहे," नीरजा म्हणाली.

"मोबाइल लावला का?"

"लाव ना तू!"

लावला. बंद. झोपताना काका तोही बंद करत.

मग प्रियदर्शनीने काकूंना लावून फोन नीरजाच्या हातात दिला. ठाण्यात काकू कसल्यातरी गोंगाटात होत्या. पहिल्यांदा त्यांना ऐकूच येईना. दुसऱ्यांदा ऐकू आलं. मग अगदी स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "लँडलाइन लाव. ती त्यांच्या उशाशी असते. नंबर सांगते, लिहून घे."

"तुम्ही लावा ना काकू, ते तुमचा..."

"मी दुपारी कधी करत नाही गं फोन," काकू म्हणाल्या आणि त्यांचा आवाज तिथे फाटला. "लाव तू. लवकर लाव."

नीरजाने नंबर फिरवला. दाराआड फोन खणखणायला लागला. मोठ्ठा, जुन्या घंटेचा आवाज. वाजत राहिला. थांबला. तिने पुन्हा लावला. प्रियदर्शनी दाराला कान लावून उभी होती आणि मान हलवत होती, नाही, काही हालचाल नाही. वरून कोणीतरी ओरडलं, "काय चाललंय? झोपायची वेळ आहे ही!"

तिसऱ्यांदा घंटा मध्येच तुटली. काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला, दारातून आणि फोनमधून, दोन्हीकडून. मग फोनमध्ये फक्त श्वास. शिट्टीसारखा, कापत येणारा.

"काका? काका, मी नीरजा. वरची."

"ही..." श्वास. "ही काय वेळ..." श्वास.

"काका, कडी काढा. घरात धूर आहे."

"दिसतोय." मोठी उबळ आली. खोकला थांबेना. नीरजाने डोळे मिटून घेतले. "रंग... कसला..."

"नंतर सांगते! आधी कडी काढा. थांबू नका, खिडकी उघडायला जाऊ नका, सरळ दाराकडे या. मी दारातच आहे. या काका, या."

पूर्वा रांगायला शिकत होती तेव्हा ती तिला असंच बोलवायची, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. आत काहीतरी घासत येत होतं. भिंतीला धरून, थांबून, पुन्हा. एक खुर्ची पडली. मग आवाजच थांबला.

"काका!" तिने दारावर तळवा आपटला. "इकडे! आवाजाकडे या!"

ती आपटत राहिली, एकाच लयीत. प्रियदर्शनीही आपटू लागली. खूप वेळाने, निदान तिला तरी खूप वाटला, कडीचा लोखंडी खटका वाजला. दार उघडलं आणि जांभळ्या ढगाबरोबर रंगनाथ आगाशे दोघींच्या अंगावर कोसळले. ओठ करडे. पांढऱ्या मिशीवर रंग चढलेला.

पुढचं सगळं घाईगर्दीत झालं. लिफ्ट, रिक्षा, जवळचं हॉस्पिटल, तोंडावर मास्क. डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "कसला धूर?"

"फोटोसाठी पेटवतात तो. रंगीत," नीरजा म्हणाली. "मीच पेटवू दिला. डक्टमध्ये."

डॉक्टरने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पण बोलला ते कामाचंच. "ऑक्सिजन बरा येतोय. पण अशा धुराचा त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो. आत्ता बरे दिसले म्हणून सोडून जाऊ नका. जवळ बसा. श्वास जलद झाला, बोलताना दम लागला, फार पेंगायला लागले, की लगेच नर्सला बोलवा."

काकू ठाण्याहून निघाल्या होत्या, वाटेत होत्या. अवधूत हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. तनयाने नीरजाच्या फोनवरून रडत फोन केला, पूर्वा ठीक आहे, दूध प्यायली, आणि वहिनी, काका? नीरजा म्हणाली, बसलेय.

ती स्टुलावर बसली होती, आणि आई झाल्यापासून जी एकच गोष्ट तिला झोपेतही येत होती, तीच करत होती. झोपलेल्याच्या छातीकडे बघत राहणं. वर, खाली. आता वर. आता खाली. एकदा जरा उशीर झाला आणि ती उठून उभी राहिली.

काकांनी एक डोळा उघडला. मास्क थोडा बाजूला केला. "चांगले आले का?"

"काय काका?"

"फोटो."

त्यांनी हात पुढे केला, तसा तिने फोन दिला. त्यांनी तो लांब धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. धूर, ऊन, कठडा आणि कोपऱ्यातली स्वतःच्या बाथरूमची खिडकी.

"काचा पुसायला हव्यात," ते म्हणाले आणि मास्क पुन्हा नीट लावून त्यांनी डोळे मिटले.

नीरजा हसली नाही. ती स्टूल ओढून आणखी जवळ बसली. बाहेर अंधारून आलं होतं आणि डॉक्टरने सांगितलेले तास अजून सरलेले नव्हते. वर. खाली.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे हात रिकामे आहेत तुमचे. मग एक करा. तुमच्या वरखाली, शेजारी, एखादं माणूस बंद दारामागे एकटं असेल. ते झोपेत असेल, कुणी उठवलेलं त्याला खपत नसेल, म्हणून तुम्ही कधी गेला नसाल. आज जा. दार उघडेपर्यंत थांबा. ते तुमच्यावर भडकलं, तर भडकू द्या. तेवढा श्वास त्याच्याकडे आहे, हे कानांनी ऐका आणि मगच परत या.