मांजरीचे नाव, जुना नंबर

पेटीच्या इवल्या दिव्यावर त्यांनी कधीतरी जखमेवरची चिकटपट्टी लावून टाकली होती – झोपताना डोळ्यांवर येतो म्हणून – आणि आता तिच्याखाली तो, विजेरीवर बोट धरले की बोट आतून जसे उजळते तसा, तांबूस होऊन लुकलुकत होता... मिटत होता, पुन्हा लुकलुकत होता. फळीवर शब्दकोशाच्या शेजारी ती काळी पेटी – घरचे सगळे फोटो साठवणारा लहानसा संगणक. सर्व्हर हा शब्द तिच्या जिभेवर कधी बसला नाही. घरात सगळे तिला पेटीच म्हणत. सगळे म्हणजे ते दोघे नवराबायको, आणि फोनवरून मुलगी. तिने फडक्याने पेटीवरची धूळ टिपली. पट्टीचे एक टोक सुटले होते, ते अंगठ्याने दाबून बसवले – दुखणार नाही अशा बेताने, हळू.

आज शुक्रवार. शुक्रवारी बातमीपत्र येते. अशा पेट्या आपापल्या घरात सांभाळणाऱ्या लोकांसाठी कोणीतरी दर आठवड्याला लिहिते: कोणत्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, कशात चोराला शिरता येईल असे भोक सापडले, कशातले बुजवले. पूर्वी चहाचा कप हातात धरून ते मोठ्याने वाचत, आणि ती भाजी निवडता निवडता अर्ध्या कानाने ऐके.

"ऐकलंस का, फोटोंच्या प्रोग्रामला आता चेहरे ओळखता येतात!"

"मलाही येतात की. माझी बातमी कुठं छापून येते?"

मग ते हसत. टेलिफोन खात्यात जन्म गेलेला माणूस. तारा, जोड, खांब यांच्याखेरीज कशावर विश्वास नाही. आपले फोटो परक्या कंपन्यांच्या घरी कशाला ठेवायचे, म्हणत. फुकट ठेवतात म्हणे! अगं, फुकट कोणी दाराची कडीसुद्धा वाजवत नाही... तेव्हा वाटे, हा एक छंद, बाकी काय. चेहरे ओळखणे म्हणजे काय असते ते तेव्हा कुठे ठाऊक होते. आज सकाळीच त्यांनी तिला 'ताई' म्हणून हाक मारली होती – आणि तिने ओ दिली होती. ओ देणे म्हणजे काही खोटे बोलणे नव्हे.

खोटे बोलायचे नाही, हा तिचा नेम. लग्नाच्याही आधीपासूनचा. पेटीच्या बाबतीतसुद्धा तो मोडलेला नाही, असे ती स्वतःला सांगते. रोज सांगते.

गेल्या वर्षी त्यांनी बातमी वाचून नवी आवृत्ती बसवली, बसवल्याचे विसरले, तीच बातमी पुन्हा वाचली, पुन्हा बसवली. तिसऱ्या वेळी पडद्यावर काहीतरी वेगळे दिसले तेव्हा त्यांना वाटले, आपल्या हातून बिघडलेय सारे, आता मुळापासून नीट करू. त्यांनी पेटी कोरी केली. बॅकअपची डिस्क जोडलेलीच होती. तीही कोरी केली. नातीचे पहिले वर्ष गेले – रांगणे, पहिला दात, टबातली ती अंगभर फेस घेतलेली हसरी... तिने मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, "आई, पासवर्ड बदल. बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटेल आपणच विसरलो."

"असं कसं गं करायचं?"

"विसरतातच की ते, आई."

बदलला. तेव्हापासून पेटीचे सगळे तीच बघते. आधी प्रत काढायची, मग नीट वाचायचे, मगच हात लावायचा – हा क्रम त्यांनीच शिकवलेला. आणि ते मात्र दर शुक्रवारी खुर्ची ओढून बसतात, टाइप करतात, आणि पडद्यावर येते: पासवर्ड चुकीचा आहे. मी कुठे काय बोलले? ते तर यंत्र बोलते. मी नुसती मागे उभी असते.

आजच्या पत्रात त्यांच्याच पेटीतला फोटोंचा प्रोग्राम होता. तो लिहिणाऱ्या माणसाने हात जोडले होते: आता माझ्याने होत नाही. आहे ते चालत राहील, दुरुस्त्या मात्र यापुढे येणार नाहीत... कधी न पाहिलेल्या त्या माणसासाठी तिचे डोळे भरून आले. ओळ तिने दोनदा वाचली. मग मागे चपला वाजल्या.

"बंद होतंय ते," ते म्हणाले. त्यांनीही आपल्या फोनवर वाचले होते. आज डोळ्यांत कितीतरी दिवसांनी कामाची घाई होती. "फोटो काढून घ्यायला हवेत. सरक जरा."

ती सरकली. काढून घेतलेत मी, असे म्हणता आले असते. तेही खरेच होते. पण तेवढेच म्हणणे...

ते पुटपुटत जुना पासवर्ड टाइप करू लागले. आधी मांजरीचे नाव – मुलगी लहान असताना घरात होती ती. मग जुना टेलिफोन नंबर, पहिल्या घराचा, त्यांनी स्वतः तार ओढून जोडलेला. एकेक आकडा. ती ऐकत होती. एकही चुकला नाही. कुठलाच शुक्रवार चुकला नव्हता. त्यांच्या आत सगळीकडे पडझड चालली होती आणि ही एवढी एक खोली लख्ख, झाडून पुसून ठेवलेली – आणि तिचेच दार मी...

पासवर्ड चुकीचा आहे.

पुन्हा टाइप केला. पुन्हा तेच.

खांदे उतरले. ते पट्टीखालच्या त्या लुकलुकण्याकडे बघू लागले.

"नाव चुकतंय का गं?" मग अगदी हळू, चोरट्यासारखे, "मांजर होती ना आपल्याकडे? की मलाच आपलं वाटतंय?"

पासवर्ड बदलणे फोटोंपुरते होते. मांजरीपर्यंत जाईल, असे कोणी म्हटले नव्हते.

"होती," ती म्हणाली. "होती हो. पांढऱ्या पायांची. तुमच्या टोपीत झोपायची."

"टोपीत!" ते हसले; लगेच हसू थांबले. "मग नंबर चुकत असेल."

खुर्चीची पाठ तिने धरली होती.

"नंबरही बरोबर आहे. सगळं बरोबर आहे तुमचं."

ते वळले. कितीतरी दिवसांनी तिच्याकडे, तिच्याचकडे पाहिल्यासारखे पाहू लागले.

"मग?"