समुद्रापलीकडची येळवस

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घागर आहे. तांबटाने ठोकून मला गोल केलं आणि मी चाकूरजवळच्या केवळाबाईंच्या घरी आले. माझं काम वर्षातून एकदाच, पण मानाचं. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील माझ्यात भरायची. केवळाबाई मला डोक्यावर शेतात नेत. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपीत, लक्ष्मीची पूजा होई, पिकावर आंबील शिंपडली जाई आणि वाटेने जाणारा कुणीही जेवल्याशिवाय सुटत नसे. आंबील माझ्यात कळकू नये म्हणून गावचे कल्हईवाले तय्यबभाई आतून कल्हई करून देत. पुढे प्लास्टिकचे कॅन आले आणि मी माळ्यावर गेले. धुळीत किती वर्षं गेली, कोण जाणे.

मला खाली काढलं ते लेकीच्या काळजीने. सुकन्या पॉलिनेशियातल्या एका चिमुकल्या बेटावर परिचारिका होती. फोनवर ती "सगळं बरंय" म्हणे, पण एकाही शेजाऱ्याचं नाव तिच्या तोंडी येत नसे. केवळाबाईंनी मनाशी ठरवलं, बघून यायचं. पोर एकटी पडली असेल तर सोबत घेऊनच यायचं.

विमानतळावर माझ्या पोटातलं ज्वारीचं पीठ काढून घेतलं. मला मात्र सोडलं.

बेट बघून मी चकित झाले. भोवती प्रवाळाचा बांध, आत उथळ, निळं, संथ पाणी. त्याला लगून म्हणतात. केवळाबाई बराच वेळ बघत राहिल्या. "एवढं पाणी, अन् पेता येत न्हाई!" त्या म्हणाल्या.

सुकन्याचं दार नेहमी बंद. कामावरून यायचं, एकटीने जेवायचं.

"कुणाकडं जात न्हाईस?"

"कुणी बोलवत न्हाई, आई."

"तू बोलवलंस का कुणाला?"

सुकन्या ताटं उचलू लागली.

येळवशीला केवळाबाईंनी तांदळाच्या पिठाची आंबील केली. कडबा नव्हता, म्हणून नारळाच्या झावळ्यांची कोप केली. स्वतःचं शेत नव्हतं, पण कुंपणाला लागून अळूचा मोठा वाफा होता. अळू बघून त्यांना गावच भेटलं. मला काखेत घेऊन त्या थेट आत शिरल्या आणि "ओलगे, ओलगे!" ही येळवशीची आरोळी देत पानांवर आंबील शिंपडू लागल्या.

तो वाफा शेजारी तेआरिकी यांचा होता. ते उंच, धिप्पाड गृहस्थ धावत आले. "माझ्या अळूवर कसलं औषध मारताय?"

सुकन्याने बाहेर येऊन आईला त्यांचा प्रश्न मराठीत सांगितला. "आई, काय करायलीस! इथं असं चालत न्हाई!"

"औषध न्हाई बाबा, जेवण हाय," केवळाबाई म्हणाल्या आणि पेला भरून त्यांच्या हातात दिला. "शेतालाबी भूक लागती की."

सुकन्याने ते त्यांना त्यांच्या भाषेत कसंबसं समजावलं. तेआरिकींनी माझ्यात डोकावून बघितलं. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग पेला रिकामा करून पुन्हा पुढे केला. "आमच्या पिकाला कुणी जेवू घातलं नव्हतं," ते हसले. मग सुकन्याकडे वळले. "तुझं दार कायम बंद. आम्हाला वाटायचं, तुला माणसं नकोत."

"मला वाटायचं, तुम्हाला मी नको," सुकन्या म्हणाली.

तेआरिकींनी बायकोला हाक मारली. ती भाजलेले मासे घेऊन आली, तिच्यामागे जाऊ, जावेची पोरं, पलीकडचे म्हातारे. कोपीत जागा पुरेना. आंबील संपली, तेव्हा कुणीतरी माझ्यात शहाळ्यांचं पाणी ओतलं.

केवळाबाई एकट्याच परतल्या. मी इथेच राहिले. खाऱ्या वाऱ्याने माझ्यावर हिरवट थर चढतो. सुकन्या मला लिंबाने घासते; कल्हईला मात्र इथे तय्यबभाई नाहीत. मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझी कुणी बहीण असेल तर तिला खाली काढा, घासा आणि भरून माणसांत न्या.

परवा केवळाबाईंचा फोन आला, तो मला सुकन्याच्या तोंडून कळला. "घागर घासतीस का गं?"

"घरात न्हाई ती. तेआरिकींकडं गेलीय. त्यांच्याकडं पाहुणे हायेत."

"अन् तू?"

"मीबी निघाले, आई. नंतर बोलू?"

"जा जा," केवळाबाई म्हणाल्या आणि त्यांनीच आधी फोन ठेवला.