खंडेनवमीचं विमान

आमच्या घरात कौतुक रेशनवर मिळतं. ते वाटायचं काम माझे सासरे रंगनाथराव करतात, आणि त्यांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या वाट्याला ते अजून आलेलं नव्हतं. बाबा लोहगावला एअर फोर्समध्ये फिटर होते. उभी हयात विमानांच्या पोटाखाली गेली. श्याम हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. बाबांच्या मते ते काम नव्हे, नुसतं बसणं.

श्यामला एकच छंद. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून वीतभर विमानं करायची आणि रंगवायची. वारज्याच्या फ्लॅटमध्ये जेवायला म्हणून जे टेबल आणलं, त्यावर आम्ही आजवर जेवलेलो नाही. गेल्या वर्षी त्याने बाबांनी सांभाळलं तसलंच मिग केलं, चंदेरी. नुसतं चकाकत होतं. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "शोकेसमधलं आहे. आमचं असं नव्हतं."

श्याम हट्टाला पेटला. दसऱ्यानंतर कंपनी त्याला वर्षभरासाठी अमेरिकेला पाठवणार होती. जाण्याआधी बाबांच्या तोंडून एकदा निघायला हवं होतं, की हे माझं विमान. बास, एवढंच. इतक्या आशेने त्याने माझ्याकडेही कधी पाहिलं नसेल.

दुसऱ्या मिगच्या सुट्या भागांचं किट एका मित्राकरवी सिंगापूरहून आलं. या वेळी रंग देऊन झाल्यावर त्याने ते जुनं करायला घेतलं. पत्र्याच्या सांध्यांत पातळ काळा तैलरंग सोडायचा, शेपटीशी धुराची काजळी, चाकांपाशी चिखल, पंखांवर तेलाचे ओघळ. मी घरातली काजळी घासण्यात जन्म घालवतेय, आणि हा बारीक ब्रशने ती लावत बसलेला.

"नमुना हवा असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन आहे," मी म्हटलं. त्याने खरंच येऊन तो निरखून पाहिला.

खंडेनवमीला आमच्याकडे ज्याने त्याने आपापलं हत्यार पुसून पाटावर मांडायचं असतं. बाबांचे नट-बोल्टचे पाने, माझी शिवणाची कात्री, श्यामचा लॅपटॉप. त्या सकाळी श्यामने लॅपटॉपशेजारी हळूच विमान ठेवलं. "बाबा आंघोळीहून आले की काही बोलू नकोस, त्यांचं त्यांना दिसू दे," असं मला बजावून तो झेंडू आणायला गेला. मी खिरीपाशी होते.

तो परतला तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते. मांडीवर विमान, हातात जुन्या बनियनचं फडकं, शेजारी श्यामच्याच टर्पेंटाइनची बाटली. फडकं काळंकुट्ट झालं होतं.

"पूजेत मळकं ठेवत नाहीत," बाबा म्हणाले. "इतकं शिकलास, एवढंही कळू नये?"

झेंडूची पिशवी श्यामच्या हातातून खाली आली. "बाबा, ते मुद्दाम केलं होतं. महिनाभर खपत होतो. तुम्हीच म्हणालात ना, तुमचं चकचकीत नव्हतं म्हणून?" मला बाबांचा इतका राग आला, की खीर करपली असती तरी मी हलले नसते.

"जुनं होतं," बाबा म्हणाले. "घाण नव्हतं. रोज पुसायचो मी."

आणि ते पुसतच राहिले. नाकापासून शेपटीकडे, एकाच दिशेने, वारा वाहतो तसं. उलटा हात एकदाही नाही. श्याम आता ते हिसकावून घेणार असं मला वाटलं. तो पुढे गेलाही, पण जवळ जाऊन थांबला आणि वाकून बघायला लागला. मग मीही वाकले. वरचा काळा थर गेला होता, पण सांध्यांत आणि रिव्हेटांभोवती रंग अडकून राहिला होता. त्यातून मागच्या बाजूला पुसट, बारीक रेघा ओढल्या गेल्या होत्या. पत्र्याची चमक मंद झाली होती. घासून घासून झिजलेल्या पितळी तांब्यासारखं ते दिसत होतं, जुनं आणि स्वच्छ.

बाबांचा हात थांबला. त्यांनी विमान डोळ्यांसमोर धरलं. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"शिडी कुठाय?" बाबांनी विचारलं.

"किटमध्ये नव्हती."

"मग मी वर चढायचो कसा?"

श्यामने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही, खोटं कशाला बोलू. तो तिथेच फरशीवर बसला आणि म्हणाला, "कशी होती, सांगा."

बाबांनी पूजेच्या तबकातला उदबत्तीचा पुडा ओढून घेतला आणि काड्या सोलायला सुरुवात केली. "डावीकडून लावायची," ते म्हणाले. "उजवीकडून लावलीस तर ते दुसऱ्या कुणाचं विमान."

पूजा दुपारी झाली, बिनउदबत्तीची.